नजरेच्या टप्प्यात

गाडी रिव्हर्स घ्यायची असली की दोघांपैकी एकाने खाली उतरायचं, मागे जाऊन उभं राहायचं आणि हाताने 'येऊ दे, येऊ दे' करायचं. पार्किंग ओकंबोकं असलं तरी, पाऊस असला तरी. गाडीला मागचा कॅमेरा होता, शिवाय वेग वाढला की आतून मोठ्याने दटावणारं एक यंत्रही होतं. तरीही उतरायचंच. पुण्यात हे काम सोसायटीचा वॉचमन करतो. डॅलसच्या उत्तरेकडच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये ते पांढरा शर्ट आणि टाय घातलेला 19 वर्षांचा मुलगा करायचा.

मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते. नवरा सकाळी आठला गाडी घेऊन जायचा आणि टेक्सासच्या त्या उपनगरात गाडीशिवाय जाण्यासारखं ठिकाण म्हणजे टपालाच्या पेट्या आणि लॉन्ड्री रूम. त्यामुळे बाल्कनीतून दिसेल ते मी मन लावून बघायची. तळमजल्यावरचा एक फ्लॅट चर्चने मिशनरी मुलांसाठी भाड्याने घेतलेला होता. मुलं बदलायची, फ्लॅट तोच. आमच्या वेळी तिथे दोघं होते: एक आयडाहोच्या बटाट्याच्या मुलखातला, लांबलचक, कानापर्यंत लाल होणारा, दुसरा टोंगन, म्हणजे पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरच्या आईबापांचा, पण युटामध्ये वाढलेला, दारातून आडवा होऊन शिरावा असा. छातीवरच्या काळ्या पाटीवर फक्त आडनाव, त्याआधी 'एल्डर' ही मिशनरी मुलांची उपाधी. त्यांची नावं इथे लिहीत नाही. दोघंही आता कुठेतरी संसाराला लागले असतील.

जग त्यांना मॉर्मन म्हणतं. 2018 मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव सोडा, चर्चचं पूर्ण नाव घ्या असं सांगितलं. ते पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. मुलं ते एका दमात म्हणायची. शेजारीपाजारी मात्र मॉर्मनच म्हणत आणि मीही इथे तेच म्हणतेय.

सोमवार त्यांचा सुट्टीचा. सुट्टी म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर पुन्हा टाय. या दिवशी कपडे धुवायचे, किराणा भरायचा, केस कापायचे, बास्केटबॉल खेळायचा आणि घरी फोन करायचा. आमची ओळख लॉन्ड्री रूममध्येच झाली. मशीनमध्ये पांढऱ्या शर्टांचा ढीग कोंबून आयडाहोवाला क्वार्टर मोजत होता आणि शर्टांच्या कॉलरी अशा काळ्या की माझ्या आईने बघितल्या असत्या तर मशीनमधून बाहेर ओढून काढल्या असत्या. मला राहवलं नाही. साबणाची वडी आणि जुना टूथब्रश आणून दिला आणि कॉलर आधी ओली करून कशी घासायची ते दाखवलं. तो इतका मन लावून शिकला की जणू मी त्याला सर्जरी शिकवत होते. मग त्याला आणखी दोन नाणी कमी पडली. फ्लॅट चाळीस पावलांवर. तो निघाला तसा टोंगन मुलगाही हातातला ओला शर्ट तसाच ठेवून त्याच्या मागे निघाला. दोघं गेले, दोघं आले.

"दोघांनी कशाला जायचं?" मी विचारलं.

"नियम आहे, मॅम. एकमेकांना दिसलं पाहिजे आणि ऐकू आलं पाहिजे."

मिशन, म्हणजे घर सोडून धर्मप्रचाराला जाणं, दोन वर्षं. मुलांना 24 महिने, मुलींना 18. सोबती कोण असेल हे आपण ठरवायचं नाही, कुठे जायचं हेही नाही. अर्ज करायचा आणि मग बोलावणं येतं, त्यात देशाचं किंवा शहराचं नाव असतं. आयडाहोवाल्याच्या मनात अर्जेंटिना होतं. त्याला प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे स्पॅनिश शिकवलं आणि टेक्सासला पाठवलं. टेक्सासमध्ये स्पॅनिश बोलणारी माणसं उदंड आहेत, पण आमचं कॉम्प्लेक्स निम्मं तेलुगू आणि उरलेलं मराठी-गुजराती. तिथे त्यांना स्पॅनिश बोलायला फक्त देखभालीची माणसं मिळायची. त्यांच्याशी बोलत दोघं भर उन्हात अर्धा-अर्धा तास उभे राहायचे. धर्म कमी आणि फुटबॉल जास्त, असं लांबून तरी वाटायचं.

पैसे? पगार तर नाहीच, उलट आपणच भरायचे. 2020 च्या जुलैपासून अमेरिकेतल्या मिशनरींसाठी महिन्याला 500 डॉलर. पाठवणी स्वस्त गावाला होवो की महागड्या, रक्कम तीच. हिशोब केला तर दोन वर्षांचे 12,000. आयडाहोवाल्याने त्यातले बरेचसे स्वतः कमावले होते: शाळेच्या सुट्ट्यांत पहाटे उठून शेतात पाणी देण्याचे लांब पाइप उचलून पुढच्या ओळीत न्यायचे. आपल्याकडे बारावीनंतर मुलगा 'एक वर्ष ड्रॉप घेतो' म्हणाला तर घरात सुतक येतं. इथे कॉलेज मध्येच सोडून, पैसे भरून, अनोळखी गावात दारं ठोठावायला जाणाऱ्या मुलाचं घर कौतुकाने फुगलेलं असतं. 2012 मध्ये वयाची अट मुलांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 झाली, तेव्हापासून तर बरेच जण शाळा संपली की थेट निघतात. 2024 च्या अखेरीला जगभरात असे 74 हजारांहून अधिक होते.

याच सोमवारी दुपारी आयडाहोवाला क्लबहाउसबाहेरच्या बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल करायचा. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत हेही नव्हतं. घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळ आणि मदर्स डे. एरवी आठवड्याचा एक ईमेल. आता दर आठवड्याला बोलता येतं. सोबती त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालायचा, म्हणजे निदान तसं दाखवायचा. आईशी बोलताना बाजूला कुणी ऐकणारं असलं की माणूस काय काय बोलत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी मिरजेला आईशी बोलायची ते नवरा झोपल्यावर.

आईला मी या मुलांबद्दल सांगितलं तर ती आधी हादरली. "अगं, मिशनरी म्हणजे बाटवतील बघ तुला." मग स्वतःच थांबली. मिरजकराने मिशनला नावं ठेवणं अवघडच. डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये उभारलेल्या मिशन हॉस्पिटलातच माझा जन्म झालेला, आणि आमच्या घरात 'मिशनचा डॉक्टर' हा शेवटचा शब्द असे. पण तिच्या डोक्यातला मिशनरी म्हणजे आयुष्य इथे घालवणारा, मराठी बोलणारा, दवाखाना नाहीतर शाळा काढणारा. दोन वर्षांत परत जाणारी, मिसरूडही धड न फुटलेली ही मुलं तिच्या कुठल्याच खणात बसेनात. शेवटी तिने विचारलं, "जेवतात काय ती?"

मंगळवार ते शुक्रवार त्यांचं आयुष्य घड्याळावर चाले. साडेसहाला उठणं. मग पार्किंगमध्ये पुशअप्स. ते मला चहा पिताना दिसायचे. नंतर अभ्यास, आधी एकट्याने आणि मग दोघांनी मिळून. दहाच्या आसपास बाहेर. रात्री नवाच्या सुमारास परत, साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, पोहणं नाही, प्रेमबीम तर नाहीच. मधल्या अकरा तासांत मुख्य काम म्हणजे नकार ऐकणं. 'किती बायका आहेत तुम्हाला?' हा विनोद त्यांना आठवड्यातून अनेकदा ऐकावा लागे आणि दर वेळी नवा असल्यासारखं हसावं लागे. बहुपत्नीत्व त्यांच्या चर्चने 1890 च्या जाहीरनाम्याने सोडलं. पण लोकांच्या डोक्यातून ते जात नाही. एकदा चालत्या गाडीतून कुणीतरी अर्धा भरलेला कोकचा ग्लास भिरकावला आणि टोंगन मुलाचा शर्ट गेला. तो डाग कशाने जाईल हे विचारायला दोघं माझ्याकडे आले, रागाचा मागमूस नव्हता. राग कधी येतच नाही की दाखवायची परवानगी नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. भारतीय घरांत मात्र त्यांना भलताच अनुभव येई. दार उघडलं जाई, 'आम्ही हिंदू आहोत' असं सांगितलं जाई, आणि पाठोपाठ खायला येई. एका तेलुगू आजींनी पुलिहोराचा डबाच हातात ठेवला होता.

त्या दिवशी डागासाठी आले तेव्हा बाहेर चाळिशीचं ऊन होतं. मी म्हटलं, आत या, पाणी घ्या. दोघं उंबऱ्याबाहेरच थबकले. "मिस्टर घरी आहेत का?" नव्हते. मग नाही, मॅम, थँक यू. घरात बाई एकटी असेल तर आत जायचं नाही. पाण्याचे ग्लास मी बाहेर दिले आणि ते त्यांनी कॉरिडॉरमध्ये उभं राहून संपवले. दुपारभर मला त्या उंबऱ्याचं हसू येत राहिलं. मी अख्खा दिवस एकटी म्हणून ते आत येऊ शकत नव्हते, आणि ते दोन वर्षांत एक मिनिटही एकटे नव्हते. आमच्यापैकी कुणाला कुणाची कीव यायला हवी होती?

यावर आम्ही खरंच बोललो, एका गुरुवारी. गुरुवार आमचा वार. चर्चमध्ये एक कॅलेंडर फिरतं, त्यात सभासद कुटुंबं आपापला दिवस लिहितात आणि त्या दिवशी या मुलांचं जेवण त्यांच्याकडे. आम्ही सभासद नव्हतो, पण गुरुवार रिकामा होता आणि गुरुवारी नवरा लवकर यायचा. माझे आजोबा पुण्यात असेच वार लावून शिकले: सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि एक वार कायम उपाशी. त्यांच्या तोंडून त्या घरांची वर्णनं ऐकलेली होती: कुठे पानात तूप पडे, कुठे ताक पातळ आणि टोमणे घट्ट असत. म्हणून असेल, मी गुरुवारी जरा जास्तच करायची. थालीपीठ त्यांना फार आवडलं. भेंडीशी टोंगन मुलाचं जमलं, आयडाहोवाल्याचं नाही. बटाट्याची भाजी केली की मात्र तो शेतकऱ्याच्या नजरेने फोडी तपासायचा.

चहाचा पेच होता. चहा-कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. 1833 पासूनचा नियम. गंमत म्हणजे कोक चालतो, माउंटन ड्यू तर पिंपाने चालतो. मी गवती चहा, आलं आणि गूळ उकळून दिला. त्यांनी तीनतीनदा विचारून खात्री केली की यात पत्ती नाही, आणि मग दोनदोन कप प्यायले.

जेवणानंतर पाच-दहा मिनिटं त्यांचं बोलणं. संस्थापक जोसेफ स्मिथ, 1830, न्यूयॉर्क राज्यात निघालेलं चर्च, सोन्याच्या पत्र्यांवरून आलेलं पुस्तक, 'बुक ऑफ मॉर्मन'. माझा नवरा इंजिनिअर. तो विचारायचा, पत्रे आता कुठे आहेत? देवदूताने परत नेले. मग खरं कशावरून? प्रार्थना करा, विचारा, उत्तर मिळेल. "हा काय पुरावा झाला?" नवरा माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचा, आणि मी त्याला पोळी वाढायची. मी पुस्तकाची थोडी पानं वाचली. युद्धं फार आहेत. एकदा मीच विचारलं, की 1978 पर्यंत तुमच्या चर्चमध्ये काळ्या पुरुषांना पौरोहित्य मिळत नव्हतं, ते का? एवढा वेळ पाठ असल्यासारखं बोलणारा आयडाहोवाला गप्प झाला. त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "मलाही ते नीट सांगता येत नाही, मॅम." त्या घरात त्याने केलेल्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मला हे वाक्य जास्त पटलं.

त्याच रात्री मी विचारलं, एकटं राहावंसं वाटत नाही का कधी? आयडाहोवाला लगेच म्हणाला, घरी गेलो की पहिल्याच दिवशी ट्रक घेऊन एकटा शेतावर जाणार, रेडिओ लावून. सध्या एकांत म्हणजे फक्त बाथरूम, आणि तिथेही हा दार वाजवतो. टोंगन मुलाला प्रश्नच कळला नाही. नऊ जणांच्या घरात वाढलेला. एकट्याने झोपायची त्याला भीती वाटायची. एकच नियम, एकाला तुरुंग आणि दुसऱ्याला घर. त्यांच्या साहेबांनी, म्हणजे मिशन प्रेसिडेंटने, तीन वर्षांसाठी येणाऱ्या कुणा मध्यमवयीन माणसाने, प्रार्थना करून या जोड्या लावलेल्या असतात म्हणे. आपल्याकडे पत्रिका बघून लावतात. निकाल साधारण सारखाच लागत असावा.

आयडाहोवाल्याचा आधीचा सोबती चार महिन्यांत घरी गेला होता. झोप लागेना, छातीत धडधड. त्याच्याबद्दल दोघं हळू आवाजात बोलत, एखाद्याचं लग्न मोडल्यावर बोलतात तसं. जिथे अख्ख्या गावाने चर्चमध्ये बसून निरोपाचं भाषण ऐकलेलं असतं, तिथे मध्येच परत यायचं म्हणजे दर रविवारी त्याच माणसांसमोर उभं राहायचं. मुलगी बघणारे विचारणार, मिशन पूर्ण केलं का? मला या मुलांबद्दल जिव्हाळा वाटायचा, पण या व्यवस्थेवरचा माझा राग इथे आहे. 18 व्या वर्षी दिलेला 'हो' हा खरंच त्याचा असतो की आईच्या डोळ्यांतल्या पाण्याचा, हे त्या वयात ओळखता येत नाही. आपल्याकडेही मुलं त्याच वयात आईबापांसाठी इंजिनिअरिंगला जातात, हे खरं. पण तिथे निदान संध्याकाळी एकट्याने टेकडीवर जाता येतं.

शनिवारची एक गोष्ट. कुणी एक गवंडीकाम करणारा माणूस बाप्तिस्म्याला तयार झाला होता. बरेच आठवडे त्याच्याकडे जाणं-येणं, सिगारेट सुटलेली, कॉफी सुटत आलेली. त्यांच्यात पूर्ण बुडी मारावी लागते. त्यासाठी चर्चच्या इमारतीत हौद असतो, तो भरायला काही तास लागतात. मुलांनी सकाळी जाऊन नळ सोडला, पाणी कोमट राहील असं बघितलं, पांढरे कपडे काढून ठेवले, खुर्च्या मांडल्या. कुणीतरी केक आणला होता. तो माणूस आला नाही. फोन उचलला नाही. संध्याकाळी मेसेज आला की बायकोला मान्य नाही. हौदाचा बूच काढून पाणी सोडून दिलं आणि दोघं खुर्च्या उचलत बसले. केक माझ्या घरी आला, कारण इतका केक दोघांना संपेना. आयडाहोवाला म्हणाला, बायकोला विचारायला हवं होतं, आम्ही तिच्याशी कधी नीट बोललोच नाही. हे तो तक्रार म्हणून नव्हे, कामातली चूक शोधावी तसं म्हणाला. मला त्या न आलेल्या माणसाच्या बायकोचं बरं वाटलं, आणि केकही चांगला होता.

रविवारी आम्ही एकदा त्यांच्या सभेला गेलो. पगारी पाद्री नाही. त्यांचा बिशप आठवडाभर प्लंबिंग करणारा. ब्रेडचे हाताने तोडलेले तुकडे आणि इवल्याशा कपांत पाणी, ताटं फिरवणारी मुलं बारा-तेरा वर्षांची, टाय वाकडे. दारूची मनाई म्हणून वाइनऐवजी पाणी. तान्ही मुलं सतत रडत होती आणि कुणी वळून बघत नव्हतं. आमची ही दोन मिशनरी मुलं शेवटच्या रांगेत, पहिल्या रविवारचा उपवास म्हणून पोटात काही नाही, आणि टोंगन मुलाच्या पोटाचा आवाज दोन रांगा पुढे ऐकू येत होता.

ही मंडळी आपल्याकडे कधी आलीच नसतील असा माझा समज होता. पण ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन 1852 मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. लष्करी छावणीत प्रचार करायला त्याला मनाई झाली, मूठभर माणसं जमली, आणि काही वर्षांतच गाशा गुंडाळावा लागला. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा दोघांना फार आनंद झाला. पुणं कुठे आहे हे त्यांनी फोनवर शोधलं. मग आयडाहोवाल्याने विचारलं, "त्याला तिथे जेवायला कोण घालायचं?" याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही.

दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप येतो. कोण हलणार, कोण राहणार, नवा सोबती कोण. या खेपेला आयडाहोवाला हलला, राज्याच्या पार पूर्व टोकाला. दोन बॅगा, एक सायकल. जाताना तो साबणाची वडी आणि टूथब्रश परत द्यायला आला. मी म्हटलं ठेव. टोंगन मुलगा तिथेच राहिला आणि गुरुवारी नव्या सोबत्याला घेऊन दारात उभा. नवा मुलगा ॲरिझोनाचा, शर्टाच्या घड्याही न मोडलेल्या. नवरा घरी होता, तरी दार उघडताच त्याने उंबऱ्याबाहेरूनच, पाठ केलेलं विसरायच्या आत, सगळं एका दमात म्हटलं: आम्ही अमुक चर्चचे प्रतिनिधी, तुमच्यासाठी एक आनंदाचा निरोप आहे, हे पुस्तक तुम्ही कधी बघितलंय का?

"बघितलंय," टोंगन मुलगा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्यांच्याकडे दोन आहेत. चल आत, भेंडी असेल तर मला दे."